मधल्या खिळ्यावरची चिठ्ठी

फोनवर नाव 'मुनीरचाचा' असंच उमटलं होतं. सोमवार होता, सकाळचे साडेदहा, म्हणजे त्यांच्या फोनची ठरलेली वेळ. लातूरच्या आमच्या ऑफिसात चहाचा कप तोंडाशी नेता नेता मी फोन घेतला आणि नेहमीसारखं म्हणाले, "बोला चाचा, आज कुणाला छळायचंय?" पलीकडून त्यांच्या मुलीचा, शाहीनचा आवाज आला. "ताई, अब्बा गेले. पहाटे. झोपेतच." मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की टेबल रिकामं असूनही मला कप ठेवायला जागा सापडेना.

एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती आणि माणसं दफनाहून परतत होती. घरात बायका बसल्या होत्या. मला पाहून शाहीन उठून आली, हात धरून बाजूला बसवलं आणि म्हणाली, "सोमवार होता ना ताई, म्हणून अब्बाच्याच फोनवरून सगळ्यांना सांगून राहिले होते. ज्यानं त्यानं फोन उचलला की आधी हसायचा. अब्बाच हायेत असं वाटून." मीही त्यांतलीच एक होते. आता चाळीस दिवस उलटून गेलेत. रडून झालंय, आणि या माणसाबद्दल लिहिताना मला रडवेलं लिहायचंही नाही, कारण ते वाचून त्यांनी आधी चष्मा पुसला असता आणि मग मुद्द्याचं बोल म्हणाले असते.

मुनीरचाचा माझे कुणी लागत नव्हते. मी निलंग्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ते नांदेडच्या इतवाऱ्यातले, आधी घड्याळं, मग रेडिओ, मग टीव्ही आणि हल्ली जे पुढ्यात येईल ते दुरुस्त करणाऱ्या घराण्यातले. आमची गाठ पडली ती एका पेटीमुळे. लसी ठेवायच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारी एक छोटी पेटी आमची कंपनी बनवते. आत किती थंड आहे ते ती पाहत राहते, त्याची नोंद ठेवते आणि तापमान वर जायला लागलं की भोंगा वाजवते. पेटीतल्या एकेका भागाशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहिण्याचं काम माझं. 'म्हणजे तू गाडी चालवतेस का?' हा विनोद माझ्या मामांनी प्रत्येक दिवाळीला केलेला आहे, तेव्हा वाचकांनी तो पुन्हा करू नये.

तर हा भोंगा सगळ्याच पेट्यांना नसतो. लहान दवाखान्यात फ्रिज डोळ्यांसमोर असतो, तिथं त्याची गरज नाही. मोठ्या केंद्रात फ्रिज मागच्या खोलीत असतो, तिथं लागतो. लाईट गेली तरी वाजावा म्हणून भोंग्याची वीज वेगळी, स्वतःच्या छोट्या बॅटरीवरून येणारी. म्हणजे माझ्या ड्रायव्हरच्या दृष्टीनं ही वीज असेल तर असेल, नसेल तर नसेल. पेटी चालू झाली की त्यानं विचारायचं, 'भोंग्याची वीज आहे का?', आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे पुढं वागायचं. एवढं साधं काम. या साध्या कामात मी दोनदा तोंडावर आपटले, आणि दोन्ही वेळा हात द्यायला चाचा होते.

पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले ती भांडायला. जोडणी आणि तपासणीचं काम आम्ही त्यांच्याकडे देत होतो, आणि त्यांच्याकडून आलेल्या दहा पेट्या चालूच होत नव्हत्या. आमच्या साहेबांनी निदान करून टाकलं होतं की म्हाताऱ्याचा हात थरथरतो, सोल्डरचे डाग नीट बसत नाहीत. मी तावातावानं जाऊन हे सगळं जरा बऱ्या शब्दांत सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा पुसला, चहा मागवला. तो चहा इतका गोड होता की मला रागात राहणं अवघड जाऊ लागलं. मग त्यांनी दहाही पेट्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, "ह्यातल्या एकीला बी भोंगा न्हाई. बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं.

"तुझा प्रोग्रॅम उठला की भोंग्याची वीज मागून राहिला. न्हाई म्हणलं की रुसून बसून राहिला. ज्याच्याकडं भोंगा न्हाई, त्यानं चालायचंच न्हाई का बेटी?"

खरं होतं. नसलं तरी चालेल अशा गोष्टीवाचून मी अख्खी पेटी अडवून धरली होती. मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि घाईघाईनं बदल केला. वीज मिळाली तर घे, नाही मिळाली तर मुकाट्यानं पुढं जा. दहाच्या दहा पेट्या सुरू झाल्या. चाचांचा हात अजिबात थरथरत नव्हता हे मी परतल्यावर साहेबांना सांगितलं, त्यांना ते फारसं आवडलं नाही. मला मात्र वाटलं, चला, हे एक काम संपलं.

त्यानंतर मी त्या दुकानात वारंवार जाऊ लागले. कधी कामानं, कधी उगाचच. दुकान म्हणजे आठ फुटांची एक खोली, दारात त्यांची जुनी स्कूटर, आत एक लांब टेबल आणि त्या टेबलामागच्या भिंतीवर तीन खिळे. चाचांची सगळी विद्या त्या तीन खिळ्यांत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी असायची, उर्दूत लिहिलेली. पार्ट आता बनतच नाही, मिळणारच नाही, असं असेल तर चिठ्ठी डावीकडच्या खिळ्यावर. त्या वस्तूचं त्या पार्टावाचून कसं भागेल ते चाचा बघायचे आणि भागवायचे. पार्ट सांगितलाय, पण अजून आलेला नाही, असं असेल तर मधल्या खिळ्यावर. आणि वस्तू जळलीच आहे, धोक्याची आहे, तर उजवीकडच्या खिळ्यावर. त्या माणसाला ते दुकानात बोलावून स्पष्ट सांगायचे, ही घरी चालवू नका. काम पुरं झालं की चिठ्ठीवर एक गोल काढायचा आणि ती टेबलाखालच्या तारेत ओवायची.

डावा खिळा आणि उजवा खिळा एकदा ठरले की ठरले. मेहनत होती ती मधल्या खिळ्याची. दर सोमवारी सकाळी साडेदहाला चाचा त्यावरच्या चिठ्ठ्या काढायचे, एकेकाला फोन लावायचे आणि विचारायचे, आलं का? नसेल आलं तर चिठ्ठीवर पेन्सिलीनं एक रेघ, आणि चिठ्ठी परत खिळ्यावर. कुणाच्या चिठ्ठीवर चार रेघा असायच्या, कुणाच्या वीस. एकदा हैदराबादच्या एका दुकानदारानं माझ्यासमोर त्यांचा फोन उचलला नाही. मी म्हणाले, "चाचा, हा काही पाठवत नाही आता. डावीकडं टाका." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी टीव्हीची काच फोडायला निघाले होते. "फोन उचलला न्हाई, तर तो न्हाई म्हणला का? न्हाई म्हणू दे त्याला. तोवर रेघ." आणि रेघ मारली. मला हसू आलं होतं. त्या खोलीत मी कित्येक वेळा त्या तीन खिळ्यांसमोर बसून चहा प्यायले, आणि माझ्याच कामातली चूक समोर लटकते आहे हे मला कळलं नाही.

ती कळली हिमायतनगरच्या पुढच्या एका गावामुळे. तिथल्या आरोग्य केंद्रात आमची भोंग्याची पेटी होती. भर उन्हाळ्यात त्या भागातली लाईट दोन दिवस गेली. आली तेव्हा फ्रिज काही सुरू झाला नाही, त्याच्या स्टॅबिलायझरनं दम तोडला होता. तिथल्या नर्सबाईंनी, सुमन सिस्टरांनी, आधीच्या दोन दिवसांत बर्फाच्या डब्यांवर लसी जपल्या होत्या. लाईट आली, पेटीचा दिवा लागलेला पाहिला, लसी परत फ्रिजमध्ये ठेवल्या आणि त्या वस्तीवर लेकरांना टोचायला गेल्या. गरम झालं तर भोंगा ओरडेल आणि शेजारच्या खोलीतली आशाताई धावेल, हा त्यांचा भरवसा. भोंगा ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या लसी टाकून द्याव्या लागल्या. पेटीवर भोंगा गप्प करायचं एक बटण असतं. चौकशीला आलेल्यांनी आम्हाला विचारलं, पेटीत दोष आहे का? साहेबांनी लिहून दिलं, दोष नाही. मग उरली एकच शक्यता, की सिस्टरनं बटण दाबून भोंगा बंद केला. त्यांना नोटीस निघाली.

पेटी आमच्याकडं तपासायला आली होती. मी तिची नोंदवही वाचली. लाईट आल्यानंतरच्या पहिल्या काही ओळींत पेटीनं स्वतःच लिहून ठेवलं होतं, भोंगा बसवलेला नाही. आणि भोंगा माझ्यासमोर टेबलावर होता, पेटीला जोडलेला, धडधाकट. मी पेटी बंद करून चालू केली. भोंगा लगेच सापडला. दहा वेळा केलं, दहाही वेळा सापडला. मला काही उमगेना. मी पेटी पिशवीत घातली आणि नांदेडची गाडी धरली.

चाचांना कॉम्प्युटरवरची बारीक अक्षरं दिसत नसत. म्हणून आमची एक रीत पडली होती, की मी प्रोग्रॅम मराठीत मोठ्यानं वाचायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचा. त्या दिवशी मी वाचलं, "भोंग्याची वीज माग. मिळाली तर भोंगा तयार ठेव. नाही तर भोंगा नाही असं समज आणि पुढं जा."

"थांब," चाचा म्हणाले. "न्हाई तर म्हणजे? त्याला उत्तरं किती येऊ शकतात?"

मी सांगितलं. वीज आहे, हे एक. अशी वीज या पेटीत बसवलेलीच नाही, हे दुसरं. बसवलेली आहे पण ती देणारी चीप अजून उठलेली नाही, थोड्या वेळानं परत विचार, हे तिसरं. आणि काहीतरी बिघडलंय, हे चौथं. बोलता बोलता माझा आवाज खाली येत गेला. चाचांनी डोळे उघडले आणि मान मागं वळवली, भिंतीवरच्या तीन खिळ्यांकडे.

पुढचं सांगायची गरज नव्हती. 'आहे' सोडून बाकी सगळी उत्तरं मी डावीकडच्या खिळ्यावर टाकली होती. आमच्या टेबलावर बॅटरी कायम भरलेली, म्हणून चीप कायम जागी. त्या गावात लाईट दोन दिवस नव्हती. बॅटरी पार उतरली होती. लाईट आल्यावर चीपला उठायला काही क्षण जास्त लागले, तिनं 'परत विचार' असं सांगितलं, आणि माझ्या ड्रायव्हरनं ते 'नाही' म्हणून लिहून घेऊन पुढचा रस्ता धरला. ज्या दिवशी भोंगा सगळ्यात जास्त लागणार, नेमक्या त्याच दिवशी तो नाही असं पेटीनं ठरवायचं, अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. दुरुस्ती चार ओळींची होती. बसवलेलीच नसेल तरच पुढं जा. परत विचार म्हणत असेल तर तेच उत्तर वर कळव आणि थांब, म्हणजे यंत्रणा तुला पुन्हा बोलावते. बिघाड असेल तर गप्प बसू नकोस, सांग. मी ती तिथंच केली. बॅटरी पार उतरवून पेटी लावली. पहिल्या वेळी भोंगा मिळाला नाही, दुसऱ्या वेळी मिळाला, आणि असा वाजला की शेजारचा शिंपी धावत आला.

"झालं," मी म्हणाले.

"पेटीचं झालं," चाचा म्हणाले. "सिस्टरचं?"

मी म्हणाले की साहेबांशी बोलते, मग बघू, लगेच कसं, नोकरीचा प्रश्न आहे... असं बरंच काही. चाचा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि मधल्या खिळ्यावर अडकवलं. मला उर्दू वाचता येत नाही. कुणाचा तरी पार्ट असेल म्हणून मी लक्षही दिलं नाही.

साहेब म्हणाले, दुरुस्ती पुढच्या बदलात गुपचूप घालून टाकू, लेखी काही द्यायचं नाही. आणि मी गप्प बसले. हे मला सरळ लिहिलं पाहिजे. मला कुणी धमकावलं नाही, कोंडून ठेवलं नाही. मी माझी नोकरी, माझ्या घराचा हप्ता आणि माझं नाव जपत गप्प बसले, आणि तिकडं एक बाई मी केलेल्या चुकीची नोटीस हातात घेऊन बसली होती.

पुढच्या सोमवारी साडेदहाला चाचांचा फोन. "बोललीस का?" मी म्हणाले, अजून नाही. "ठीक हाय," आणि फोन बंद. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच. तिसऱ्या सोमवारी मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तो थरथरून थांबेपर्यंत कँटीनमध्ये जाऊन उभी राहिले. चौथ्या सोमवारीही. वाटलं, आता तरी समजतील. पाचव्या सोमवारी पुन्हा फोन आला, आवाजात ना राग ना रुसवा. "बोललीस का?" सहाव्या सोमवारीही आला. सातव्या सोमवारी मीच भडकले. "चाचा, तुम्ही एकदाचं मला बोलून का टाकत नाही? शिव्या द्या, नाहीतर नाद सोडा माझा!"

ते म्हणाले, "बिघडलेल्याला बोलतो मी. न्हाई म्हणलेल्याचा नाद सोडतो. तू तर अजून न्हाई म्हणली न्हाईस. अन् बिघडली बी न्हाईस. तुला उठायला जरा वेळ लागून राहिलाय, बस."

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले, आणि मग वर येऊन दोन पानी पत्र लिहिलं. साध्या मराठीत, म्हणजे कुणाला कळलं नाही म्हणायची सोय नको. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, ती मला सात आठवड्यांपासून ठाऊक आहे, भोंगा कुणी बंद केलेला नव्हता, पेटीनं तो स्वतःच नाकारला, ही तिची नोंद आणि ही माझी सही. एक प्रत चौकशी करणाऱ्यांना, एक साहेबांच्या टेबलावर. तिसरी प्रत घेऊन मी आणि चाचा हिमायतनगरला गेलो आणि तिथून गावाच्या गाडीत बसलो. वाटेत चाचा डुलक्या काढत होते. मी पत्राची घडी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

सुमन सिस्टर मला हात धरून बसवतील, मोठ्या मनानं माफ करतील, अशी माझी कुठंतरी समजूत होती. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. "सात आठवडे?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला सात आठवड्यांपास्नं ठाऊक हाय? मॅडम, सात आठवडे मी ह्या गावात खाली मान घालून फिरून राहिले. बाया लेकरं घेऊन यायच्या बंद झाल्या. सिस्टर झोपा काढती म्हणाल्या. माझी सासू म्हणाली!" मी चाचांकडं पाहिलं, त्यांनी माझी बाजू घेतली नाही. घ्यायला नकोच होती. ते खाली बसून पेटी उघडायला लागले होते.

नवा प्रोग्रॅम घातला. मी बॅटरी पार उतरवून लाईट लावली. पेटी उठली, भोंगा सापडला. मग चाचांनी तापमान मोजणारी काडी मुठीत धरली, आणि तिच्या गरमीनं भोंगा वाजायला लागला. मी बटणाकडं हात नेला तशी सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. वाजू द्या जरा." आणि कानावर हात न ठेवता तिथंच उभ्या राहिल्या. आवाजानं माणसं जमली. शाळेतून मास्तर आले, पाण्याला निघालेल्या बाया घागरीसकट आल्या. दार भरलं तेव्हा सिस्टरांनी माझं पत्र वर धरलं आणि भोंग्याच्या वरताण आवाजात म्हणाल्या, "हे ऐका! त्या दिवशी हे वाजलंच न्हवतं! ह्या बाईनं लिहून दिलंय!" मग स्वतः बटण दाबलं. शांतता झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चहा पिऊनच जा आता." माफ केलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण नोटीस मागं घेतल्याचा फोन त्यांनी साहेबांना नव्हे, मला केला.

परत दुकानात आलो तेव्हा चाचांनी मधल्या खिळ्यावरची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर गोल काढला आणि तारेत ओवली. मी थट्टेनं विचारलं, "एवढ्या घाईत कुणाचा पार्ट आला?" ते म्हणाले, "आला एकदाचा. लई लांबून आला."

नोकरी गेली नाही. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, हा मला त्या वर्षीचा बोनसच वाटला. मग त्यांनीच सगळ्या पेट्या बदलून घेतल्या, आणि अलीकडे तर नव्या मुलांना 'परत विचार म्हणजे नाही नव्हे' असं ते स्वतःच्या वाक्यासारखं ऐकवतात. ऐकवू देत. शाहीन तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. चाचांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, हिला तुझी विद्या दे, माझी तिच्या अंगात हायेच. आता भोंग्याच्या सर्किटच्या पट्ट्या ती जोडते आणि त्यांचे ड्रायव्हर आम्ही दोघी मिळून लिहितो. लिहून झालं की एकमेकींना मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतो, एकीनं डोळे मिटायचे. चाचांचं हृदय गेली दोन वर्षं कुरकुरत होतं. शेवटच्या भेटीत मी काळजीनं विचारलं तर म्हणाले, "चालून राहिलंय की. ज्याच्यावाचून चालतं ते सगळं बंद केलंय, गोड चहा सोडून."

परवाच्या सोमवारी दुकानात गेले होते. शाहीननं दुकान चाळिसाव्यानंतर उघडलं. भिंत तशीच, तीन खिळे तसेच. टेबलाखालची तार काढून ती जुन्या चिठ्ठ्या बघत बसली होती, पुरं झालेलं काम टाकावं की ठेवावं या विचारात. एका चिठ्ठीशी थांबली आणि म्हणाली, "ताई, ही तुमची दिसते."

"माझी कशी असेल? मी कधी काही दुरुस्तीला दिलं नाही."

"वर तुमचं नाव हाय, वैशाली. खाली लिहिलंय..." तिनं बोट ठेवून वाचलं, "सच बोलनेवाली है. आना बाकी."

मी चिठ्ठी हातात घेतली. उर्दू अक्षरं मला तशीही कळली नसती, पण त्यांच्याखालच्या पेन्सिलीच्या रेघा वाचायला भाषा लागत नव्हती. सात रेघा, आणि शेवटी एक गोल. म्हणजे ते सात आठवडे मी मधल्या खिळ्यावर होते. मी परत मोजल्या. माझ्या हिशेबानं पाचच असायला हव्या होत्या. दोन सोमवारी मी फोन पालथा ठेवला होता, कँटीनमध्ये उभी होते, त्या माणसाला टाळत होते. त्या दोन्ही सोमवारच्या रेघाही तिथं होत्या, तिसरी आणि चौथी, इतर रेघांइतक्याच सरळ, इतक्याच लांबीच्या.

शाहीन म्हणाली, घेऊन जा ही, तुमचीच हाय. मी नको म्हणाले आणि चिठ्ठी तारेत परत ओवली, जिथं पुरं झालेलं काम असतं तिथं. घड्याळात साडेदहा वाजले होते. शाहीननं मधल्या खिळ्यावरच्या चिठ्ठ्या काढल्या, पहिली समोर ठेवली आणि अब्बाच्या फोनवरून नंबर लावला. फोन बराच वेळ वाजत राहिला. पलीकडून कुणी उचलला नाही. तिनं पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर एक रेघ मारली.